गॅपचं ॲफिडेव्हिट

(ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)

कोण बसमध्ये ऐकत असेल, कोण भांडी घासता घासता. माझी मुलगी तसंच ऐकते, म्हणून म्हटलं.

मी कोल्हापूरची. वय पंचेचाळीस. गेली वीस वर्षं मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. आधी सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टात, मग जिल्हा कोर्ट कसबा बावड्याला हललं तसं माझं टेबलही तिकडं हललं. आणि गेली अडीच वर्षं मी सकाळी साडेसातला लॉ कॉलेजच्या बाकावर असते. तीन वर्षांचं एलएलबी. आता शेवटचं, सहावं सेमिस्टर चालू आहे.

टायपिस्ट काय करते हे आधी सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी कोर्ट फक्त वेबसीरिजमध्ये बघितलं असणार. आवारात पत्र्याच्या शेडखाली ओळीनं टेबलं असतात. त्यावर कॉम्प्युटर, प्रिंटर, बाजूला बॅटरी, कारण लाइट जाते आणि पक्षकाराची तारीख काही थांबत नाही. वकील सांगतात, आम्ही टाइप करतो. दावा, कैफियत, जामिनाचा अर्ज, नोटिसा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं. मी मराठी तीस आणि इंग्रजी चाळीसची परीक्षा मशिनवर दिलेली आहे, खटखट वाजणाऱ्या. त्या मशिनवर चूक झाली की कागद नवा घ्यावा लागायचा, त्यामुळे आमच्या पिढीचे टायपिस्ट चुकत नाहीत. हा गर्व आहे, असू दे.

जून-जुलै आला की आमच्याकडं मुलांची रांग लागते. गॅपचं ॲफिडेव्हिट पाहिजे म्हणून. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी केलं असेल. बारावीनंतर एक वर्ष नीटची तयारी केली किंवा नापास झाला, तर कॉलेज विचारतं, मधल्या वर्षात काय करत होता? मग आम्ही लिहितो, की मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो, की सन अमुक ते सन तमुक या काळात मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. हा मसुदा माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असतो. नाव बदलायचं, वर्ष बदलायचं, प्रिंट.

२०२३ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. बँकेत नोकरीला, चाळिशीला टेकलेले. त्यांचा गॅप सोळा वर्षांचा. मी विचारलं, साहेब, कशासाठी? म्हणाले, एलएलबीला नंबर लागेल असं वाटतंय. मी म्हटलं, तीसच्या पुढं घेत नाहीत ना? कारण वीस वर्षं वकिलांच्यात बसून मला तेच माहीत होतं. ते हसले. म्हणाले, ती अट गेली की.

खरंच आहे ते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीन वर्षांच्या कोर्सला तीस वर्षांची मर्यादा होती. त्यावर बरीच कोर्टबाजी झाली आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती मर्यादा स्थगित केली. म्हणजे सहा वर्षं दार उघडं होतं, आणि मी त्या दारासमोर टेबल टाकून बसले होते. ज्या आवारात मी दिवसाचे आठ तास असते, तिथली गोष्ट मला एका बँकवाल्यानं सांगितली!

त्या वर्षीची सीईटी होऊन गेली असेल असं धरून मी गप्प बसणार होते. पण मी फॉर्म आधीच भरला होता. हे जरा विचित्र वाटेल, म्हणून सांगते. माझ्या लेकीनं माझ्या नावानं भरला होता, गंमत म्हणून. आई, तू नुसती बोलतेस, बघ तरी परीक्षा कशी असते, असं म्हणून. प्रश्न पर्याय निवडायचे, चुकलं तर मार्क कापत नाहीत. मी जाऊन कॉम्प्युटरवर टिकमार्क करून आले आणि विसरून गेले. नाहीतरी वयात बसत नाही, असं माझं मत. त्या गृहस्थांचं ॲफिडेव्हिट प्रिंट केल्यावर मी घरी फोन लावला, माझा निकाल काय लागला गं?

मग माझं गॅपचं ॲफिडेव्हिट मी स्वतः टाइप केलं. फाइल तयारच होती. नाव बदललं, वर्ष बदललं. "घरगुती कारणास्तव" हे शब्द त्यात आधीपासून होतेच. ते वाचायलाही थांबले नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

माझं मागचं थोडक्यात सांगते. १९९९ ला एफवायबीए करताना लग्न ठरलं, कॉलेज सुटलं. पुढं टायपिंग शिकले, टेबल घेतलं. २०१० ला मुक्त विद्यापीठात, म्हणजे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण विद्यापीठात, नाव घातलं आणि २०१३ ला बीए झाले. पुस्तकं घरी येतात, अभ्यासकेंद्रावर अधूनमधून जायचं. पदवी मिळाली, पण वर्ग, बाक, शेजारी बसणारी मैत्रीण असलं काही त्यात नव्हतं. त्या काळात मला ते नकोच होतं म्हणा, मुलगी लहान होती.

इथं एक कामाची गोष्ट. माझी बारावी झालेली होती म्हणून मला एलएलबी मिळालं. आमच्याच शेडमधली एक मैत्रीण आहे, तिनं दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठाची तयारी परीक्षा देऊन थेट बीए केलं. पदवी शंभर टक्के खरी. पण बार कौन्सिलचा नियम असा, की खालचं शिक्षण नसताना थेट घेतलेली मुक्त विद्यापीठाची पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. ती रडली नाही, शिव्या दिल्या. तुमच्या आईला, काकीला, मामाला परत शिकायचं असेल तर आधी शेवटचं दार कुठलं आहे ते बघा, आणि मग तिथपर्यंतच्या पायऱ्या मोजा. उलटं केलं तर वर्षं वाया जातात. पदवीला खुल्या वर्गात ४५ टक्के लागतात, हेही बघून घ्या. माझे ५१ होते, वाचले.

आता कॉलेज. पहिल्या दिवशी मुलं उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणाली. हो, माझ्या बाबतीतही झालं, सगळ्यांच्या होतं. त्यावर वेळ घालवत नाही. आठवड्यात मी "काकू" झाले आणि दिवाळीपर्यंत "ताई".

मला वाटलं होतं, अवघड जाईल ते पाठांतर. या वयात डोक्यात राहत नाही म्हणतात ना. तसं काही झालं नाही. उलट पहिले दोन महिने मी वर्गाची राणी होते! सरांनी विचारावं, पोटगी कुठल्या कलमाखाली? मी म्हणायची, एकशे पंचवीस. अटकपूर्व जामीन? चारशे अडतीस. चेक न वटल्याचा? एकशे अडतीस. पोरं बघत राहायची. मी ही कलमं हजार हजार वेळा टाइप केलेली. बोटांना पाठ.

आणि पहिल्या सेमिस्टरला मी नापास झाले. कॉन्ट्रॅक्टमध्ये. एटीकेटी.

ती गोष्ट नीट सांगते, कारण मला अजूनही ती बोचते. प्रश्न साधा होता. एका सतरा वर्षांच्या मुलानं घर गहाण ठेवून पैसे घेतले, आता सावकार पैसे मागतोय, तुम्ही न्यायाधीश असता तर काय निर्णय द्याल, कारणांसह लिहा. वर्गातल्या कुठल्याही पोराला याचं उत्तर येत होतं. १९०३ चा मोहरीबीबीचा निकाल आहे, अज्ञानाशी केलेला करार मुळातूनच रद्दबातल. मलाही येत होतं. पण मी लिहिलं काय? अज्ञान मुलाच्या वतीनं दावा कसा लिहितात, नावापुढं "अ. पा. क. आई" कसं लिहायचं, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, सत्यापन कुठं येतं, परिशिष्ट कसं जोडायचं. दोन पानं. सुंदर अक्षरात.

सरांकडं गेले उत्तरपत्रिकेची नक्कल घेऊन. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ताई, सगळं बरोबर आहे, पण निर्णय कुठाय? तुम्ही दोन्ही बाजू मांडल्यात आणि खाली सहीला जागा सोडलीय."

खरंच सोडली होती हो! सवयीनं. मी हसले तेव्हा, पण गाडीवर घरी जाताना रडायला आलं. मार्कांसाठी नाही. आमच्या धंद्यात शिकवलं जातं की टायपिस्टला मत नसतं. वकील सांगतात ते छापायचं. पक्षकार खोटं बोलतोय हे कळलं तरी छापायचं, कारण सही त्याची आहे. वीस वर्षांत मला कुणी एकदाही विचारलं नव्हतं, की ताई, तुम्हाला काय वाटतं? आणि पेपरमध्ये सगळीकडं तेच विचारत होते. चर्चा करा. कारणं द्या. तुमचं मत लिहा. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना मत द्यायची सवय असते, इन्स्टावर दिवसभर तेच करता तुम्ही. मला ती कुठून लागणार?

मग एक पोरगी, हातकणंगल्याकडची, एकवीस वर्षांची, तिनं मला युक्ती सांगितली. म्हणाली, ताई, उत्तराचं पहिलं वाक्य "माझ्या मते" असं लिहायचं आणि मग ते पूर्ण करायचं, मागं हटायचंच नाही. बावळटासारखी युक्ती आहे, पण मी महिनाभर रोज रात्री एक उदाहरण घेऊन पहिलं वाक्य "माझ्या मते" असं लिहीत बसायची. त्या बदल्यात मी तिला मराठी टायपिंग शिकवलं. एटीकेटी पुढच्या खेपेला निघाली.

आणि बोटांना पाठ असलेल्या त्या कलमांचं काय झालं, ते तुम्हाला माहीतच असेल. १ जुलै २०२४. भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेची नागरिक सुरक्षा संहिता झाली, पुराव्याचा कायदाही बदलला. चारशे वीस हा शब्द माणूस शिवीसारखा वापरतो, तो आता ३१८ चा चौथा पोटभाग. खून ३०२ वरून १०३ वर. पोटगीचं १२५ झालं १४४. सगळ्यात त्रास दिला ४८२ नं. आधी ४८२ म्हणजे हायकोर्टात जाऊन गुन्हाच रद्द करून मागायचा, आणि नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. जुन्या ४८२ चं आता ५२८ आहे. बरं, जुनं विसरूनही चालत नाही, कारण १ जुलैच्या आधी घडलेले गुन्हे जुन्याच संहितेत चालणार. सर फळ्यावर मधोमध रेघ मारायचे, डावीकडं जुनं, उजवीकडं नवं.

माझी मिजास एका रात्रीत उतरली. टेबलावर मोठमोठे वकील मोबाइलमध्ये तक्ता बघून सांगत होते, ताई थांबा, एक मिनिट. वर्गात मी आणि ती एकवीस वर्षांची पोरगी एकाच पानावर आलो. खरं सांगू? बरं वाटलं. माझ्याकडं आधीचं काही नव्हतं तेव्हाच मी मोकळेपणानं हात वर करून म्हणाले, सर, कळलं नाही, परत सांगा. त्याच्याआधी वर्षभर मी एकदाही हे वाक्य बोलले नव्हते. कारण काय म्हणतील, वीस वर्षं कोर्टात बसते आणि एवढंही येत नाही?

आता जी गोष्ट सांगायला मी इथं आले, ती सांगते.

फॅमिली लॉचा तास होता. हिंदू उत्तराधिकार. मॅडम शिकवत होत्या, की ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला, आणि २०२० मध्ये विनिता शर्माच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. हे मला माहीत होतं, टाइप केलेलं. मग त्या म्हणाल्या, महाराष्ट्रात त्याच्याही आधी होतं. २२ जून १९९४ ची राज्याची दुरुस्ती. त्या दिवशी जी मुलगी अविवाहित होती, तिला हक्क.

मी वहीवर आकडा लिहिला. १९९४. मी चौदा वर्षांची. नववीत. लग्न २००० चं.

म्हणजे मी नववीत दोन वेण्या घालून शाळेला जात होते, तेव्हापासून कागलच्या बाजूच्या आमच्या दीड एकरात माझा हक्क होता. आजोबांकडून आलेली जमीन, ऊस असतो त्यात. आणि २००९ मध्ये मी तो सोडून दिला.

वडील २००७ ला गेले. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी, अशी वारसांची नावं लागली. धाकट्या भावाला सोसायटीचं कर्ज काढायचं होतं, दरवेळी माझी सही लागायची. तो म्हणाला, आक्का, हक्कसोड करून टाकूया, तुला सारखं यायला नको. आई म्हणाली, भावाच्या तोंडचा घास कशाला, तुझं काय कमी आहे? मलाही तसंच वाटलं. हक्कसोडपत्र करायचं ठरलं. टाइप कुणी करायचं? घरातच टायपिस्ट असताना बाहेर पैसे कशाला द्यायचे!

मी माझं हक्कसोडपत्र माझ्या टेबलावर स्वतःच्या हातानं टाइप केलं. फाइल तयार होती. नाव बदललं, गट नंबर बदलला, प्रिंट. "स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता", ते त्यात आधीपासून होतं. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत विचारलं, दस्त मान्य आहे? मी म्हटलं, हो. भावानं परत येताना मिसळ खायला घातली. त्या दिवसापर्यंत मी निदान शे-दोनशे बायकांची हक्कसोडपत्रं टाइप केली असतील, आणि त्यांच्यासारखीच मीही तो कागद वाचला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग केस कर. कॉलेजात पोरांनी हेच सांगितलं. पण मुदतीचा कायदाही आम्ही शिकलो. असा दस्त रद्द करून मागायचा तर ज्या कारणानं रद्द व्हावा ते कळल्यापासून तीन वर्षं. आणि माझ्याकडं कारण काय आहे? फसवलं म्हणू? टाइप मी केलंय. दडपण म्हणू? मिसळ खाल्लीय. कायद्यानं माझी बाजू शून्य. माझ्या मते, आणि हे मी मागं न हटता सांगते, तो दस्त पक्का आहे.

गेल्या दिवाळीला भाऊबीजेला गेले होते. ताटात साडी ठेवून भाऊ हसत म्हणाला, "आक्का, वकील होणार म्हणं तू. आमच्यावर केस घालणार काय मग?" मीही हसत म्हणाले, "न्हाई रे, मुदत कवाच संपली." तो मोठ्यानं हसला. वहिनी हसली नाही, ती आत निघून गेली. आणि तो हसताना त्याचे खांदे जे सैल झाले ना, ते मी बघितले. म्हणजे त्यालाही कधीतरी भीती वाटली होती. म्हणजे तो कागद काय आहे हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. मी साडी घेतली, जेवले, आले. भाऊ वाईट नाही माझा. आई आजारी असताना रात्ररात्र जागलाय. पण ते खांदे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

घरचं विचारतात सगळे, म्हणून सांगते. नवरा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, शिफ्ट ड्युटी. त्याचा विरोध नव्हता, मदतही फार नव्हती. मी कॉलेजला गेले त्याची किंमत भरली ती सासूबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्ती सत्तरीला आल्यात. बार कौन्सिलच्या नियमानं सत्तर टक्के हजेरी लागते, म्हणजे महिन्यातले वीसएक दिवस त्या पहाटे पाचला उठून भाकऱ्या थापतात. गुडघे दुखतात त्यांचे. मी एकदा म्हटलं, आत्ती, राहू दे, पोळी-भाजीचा डबा लावूया. तर म्हणाल्या, "डब्याचं पैसं तुझ्या फीला घाल." परत शिकणाऱ्या बायकांच्या बातम्या येतात त्यात नवऱ्याचा आणि मुलांचा फोटो असतो, भाकरी कुणी केली ते छापत नाहीत. कमाईही घटली. टेबलावर सकाळी नऊ ते अकरा गर्दीची वेळ, आणि मी पोचते सव्वाअकराला. महिन्याचं जवळजवळ एक तृतीयांश काम गेलं. जी वकीलमंडळी नऊला येतात त्यांनी दुसरे टायपिस्ट धरले, त्यांची चूक नाही.

पण एका वकीलसाहेबांचं काम वेगळ्या कारणानं गेलं.

गेल्या नोव्हेंबरमधली गोष्ट. त्यांनी हक्कसोडपत्राचा मजकूर पाठवला आणि मागोमाग पक्षकार आले. दोन बहिणी, थोरली साठीची, धाकटी पन्नाशीची, आणि सोबत त्यांचा भाऊ. मी टाइप केलं, प्रिंट काढली. आणि तोंडातून गेलं, "मावशी, वाचून दाखवू का?"

भाऊ म्हणाला, "त्यांना म्हाईत हाय सगळं." थोरली म्हणाली, "वाच की बाई. बसलोयच न्हवं."

मी वाचलं. सगळं, पहिल्या ओळीपासून. मध्ये काही घातलं नाही, सल्ला दिला नाही, तो द्यायचा मला अधिकारही नाही अजून. नुसतं सावकाश वाचलं. गट नंबर आला, क्षेत्र आलं, तेव्हा धाकटीनं विचारलं, "म्हंजे ह्यात हिरीकडचा तुकडा बी आला?" मी म्हटलं, आला. मग "यापुढे माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहिलेला नाही" हे वाक्य आलं. तिनं परत वाचायला लावलं. "माझ्या पोरांचा बी न्हाई?" मी म्हटलं, न्हाई. "आन परत कदी?" न्हाई.

ती उठली, म्हणाली, चहा घेऊन येतो. गेल्या त्या दोघी. भाऊ माझ्याकडं असा बघत होता, की मी त्याच्या खिशात हात घातलाय.

पुढच्या सोमवारी आल्या. थोरलीनं सही केली. म्हणाली, मला मूलबाळ नाही, भाच्यांनाच जाऊ दे. धाकटीनं केली नाही. संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन आला. ओरडले नाहीत, ते तसे सज्जन आहेत. म्हणाले, "ताई, माझ्या पक्षकाराला तुम्ही शिकवायचं नाही." मी म्हटलं, साहेब, तुमचाच मजकूर वाचला. ते म्हणाले, "तेच." त्या दिवसापासून त्यांचं काम येत नाही. माझ्या कमाईत त्यांचा वाटा मोठा होता. त्यांचंही बरोबर आहे, भाऊ त्यांचा पक्षकार होता. आणि मी चूक केली असंही मला वाटत नाही. दोन्ही एकदम खरं कसं असतं यावर मला विचारलं तर मी दोन पानं लिहीन, आणि या वेळी निर्णयही लिहीन.

पुढचं असं आहे. सहाव्या सेमिस्टरचे पेपर द्यायचे, मग सनद, मग बारची परीक्षा. सनदेच्या फीची मला धास्ती होती, आमच्या आवारात हजारांतले आकडे ऐकलेले. पण जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. तुमच्यात कुणी लॉ करणारं असेल तर हे माहीत असू द्या. गेल्या वर्षी १८ ऑगस्टला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआरसमोरच्या त्याच जुन्या इमारतीत, जिथं बाहेर माझं पहिलं टेबल होतं. वर्गातल्या पोरांची स्वप्नं त्या दिवसापासून मोठी झालीत. माझी तेवढी नाहीत. मला दिवाणी कोर्टात उभं राहायचंय, वाटणीच्या दाव्यांत.

एक अडचण आहे. सनद घेतली की वकिलाला दुसरा धंदा चालवता येत नाही. म्हणजे टेबल सोडावं लागणार. वीस वर्षं त्यानं घर चालवलंय, आणि नव्या वकिलाला पहिली दोन-तीन वर्षं काय मिळतं ते मी रोज बघते. लेकीची एमएस्सी त्याच वर्षांत येते. नवरा म्हणतो, थांब जरा, लेकीचं होऊ दे, सनद काय पळून जात नाही. आत्ती काही म्हणत नाहीत. पाचला उठतात.

हे मी अजून ठरवलेलं नाही. पेपर संपल्यावर बसून हिशेब करणार आहे. उद्या इंटर्नलची तोंडी आहे, साडेसातला, आणि माझी जर्नल अजून पुरी व्हायचीय. थांबते इथं. नमस्कार.